अरण्यातील झोपडी आणि शेजारधर्म

शहरात राहणाऱ्या मनुष्यास अरण्याची ओढ वाटावी, यात नवल असे काही नाही. ज्याच्या खिडकीखालून दिवसभर मोटारी धावतात आणि ज्यास रात्री आकाशातील तारे दिसण्याऐवजी दुकानांच्या झगमगत्या पाट्या दिसतात, त्यास एखाद्या तळ्याकाठी, सागाच्या छायेत, कुडाच्या भिंतींची व कवेलूंच्या छपराची लहानशी झोपडी असावी, पहाटे पाखरांनी आपणांस जागे करावे आणि रात्री दूरवरून चितळाची सावधगिरीची हाक ऐकू यावी, असे वाटणे अगदी स्वाभाविक होय. आपणांस कोठे राहावयास आवडेल, असा निबंधाचा विषय वरच्या वर्गांस दिला, की ही झोपडी पुष्कळ वह्यांतून उभी राहते. मुलांचे वय पाहता तीत दोष काढण्याजोगे काही नाही. परंतु हाच मनोरथ आता वडील मंडळीही करू लागली आहेत व तो पैसा खर्चून पुरवूही लागली आहेत. तेव्हा त्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहावे, असे आम्हांस वाटते.

रामदासपेठेत राहणाऱ्यांस तर ही ओढ विशेषच वाटावी. प्रशस्त अंगणांचे जुने बंगले एकामागून एक गेले व त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. रुग्णालये, औषधांची दुकाने आणि उभे राहण्यास जागा शोधणारी वाहने यांनी रस्ते भरून गेले. त्यातून आपल्या नागपूरचे स्थानच असे, की पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा ही अरण्ये काही तासांच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. ज्याच्यापाशी द्रव्य आहे, त्यास अरण्यातील झोपडी आता केवळ मनात बांधावी लागत नाही. ती दिवसाच्या भाड्याने मिळते आणि जमिनीच्या तुकड्यासह विकतही मिळते. म्हणूनच ती मिळवावी कशी, हा प्रश्न आता उरला नाही. तीत राहणारा तेथे कोण म्हणून राहणार, हा खरा प्रश्न आहे.

शेजारी म्हणावे तरी कोणास, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूस केला होता, व त्याच्या उत्तरादाखल प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त सांगितला, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. अरण्यात घर करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हाच प्रश्न प्रथम स्वतःस करावा, असे आमचे मत आहे. कारण अरण्य हे कधीही रिकामे नसते. आपण जाण्यापूर्वी तेथे कोणी ना कोणी राहतच असते. काही दोन पायांनी चालणारे असतात, काही चार पायांनी. त्यांचा शेजारधर्म जो पाळील, त्याची झोपडी पवित्र होईल. जो तो पाळणार नाही, त्याची झोपडी कितीही साधी दिसली, तरी तो चैनीचाच एक प्रकार होय.

पवित्र शास्त्रात अरण्यवासाची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. एलीया संदेष्टा करीथ ओहळाजवळ राहिला, तेव्हा कावळ्यांनी त्यास अन्न पुरविले. बाप्तिस्मा करणारा योहान टोळ व रानमध खाऊन अरण्यात वाढला. खुद्द प्रभू चाळीस दिवस अरण्यात होता आणि तेथे त्याच्या सोबतीस वनपशू होते, असे मार्ककृत शुभवर्तमान सांगते. पण या तिघांचीही पुढील कथा पाहावी. एलीया तेथून सारफथच्या दरिद्री विधवेच्या घरी गेला. योहानाने लोकांस पश्चात्तापाचा उपदेश केला. प्रभू गालीलातील रोग्यांत व कोळ्यांत येऊन राहिला. अरण्याने त्यांस मनुष्यांपासून तोडले नाही. उलट मनुष्यांच्या उपयोगी पडण्यास सिद्ध केले.

पाश्चात्त्य जगात या विषयाचा उल्लेख निघाला, की हेन्री डेव्हिड थोरो याचे नाव हटकून येते. अमेरिकेतील कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत तो ४ जुलै १८४५ पासून ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत राहिला, व १८५४ साली त्याने त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुर्गा भागवत यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने तो मराठीत आणला. थोरोस एकान्तप्रिय म्हणून सर्व ओळखतात; परंतु दोन गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली ही, की तो तळ्याकाठी राहत असतानाच, १८४६ साली, गुलामगिरीस पाठीशी घालणाऱ्या सरकारास कर देण्याचे नाकारून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. म्हणजे दूरच्या गुलामाच्या दुःखाचा त्यास झोपडीत विसर पडला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच्या झोपडीच्या फळ्या नव्या नव्हत्या. रेल्वेच्या कामावरील एका आयरिश मजुराची खोपटी त्याने सव्वाचार डॉलरांस विकत घेतली व ती मोडून त्या फळ्यांचे आपले घर बांधले. मजुराचे कुटुंब सामान गुंडाळून पहाटे निघून गेले. थोरोने व्यवहार चोख केला आणि तो प्रांजळपणे लिहूनही ठेवला. तरीही एकाची हौसेची झोपडी उभी राहण्यास दुसऱ्याची गरजेची झोपडी मोडली, ही गोष्ट उरतेच. वॉल्डनची स्तुती करणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

हा दाखला परदेशचा झाला. आपल्या प्रांतातही अरण्याशी नाते जोडणारी माणसे होऊन गेली आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. शाळा काढून मुलांस शिकविणे हे त्यांचे नित्याचे काम. पण सवड मिळताच ते आसपासच्या मुलुखात हिंडून दगड, अश्मीभूत वनस्पती व प्राण्यांचे अवशेष गोळा करीत आणि गोंड लोकांच्या कथा-गीते उतरवून घेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडील जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या कागदपत्रांतील गोंडांविषयीचा मजकूर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केला. हिस्लॉप अरण्यात काही घेण्यास गेले असतील, तर ते ज्ञान घेण्यास, आणि तेही ज्यांचे होते त्यांच्या तोंडून ऐकून घेण्यास.

पुढे १९३२ च्या जानेवारीत व्हेरिअर एल्विन हे ऑक्सफर्डचे पदवीधर व शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण, असे दोघे मैकल डोंगरांतील करंजिया गावी जाऊन राहिले. मंडला जिल्ह्याचा हा भाग त्या वेळी नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्यप्रांतात होता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दोघांची ओळख झाली होती. गोंडांच्या घरांसारखीच मातीची घरे त्यांनी बांधली, औषधे दिली, लहान शाळा चालविल्या, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. लोक एकास ‘बडे भाई’ व दुसऱ्यास ‘छोटे भाई’ म्हणू लागले. एल्विन यांचे धर्माधिकाऱ्यांशी पटले नाही व १९३५ साली ते चर्चपासून दूर झाले. त्यांच्या पुढील आयुष्यातील सर्वच गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवणार नाही. तथापि, नात्याने ‘भाई’ म्हणवून घेण्याइतके त्या झोपडीत ते राहिले, हे कोणासही नाकारता येणार नाही. त्याच मुलुखातील बैगा लोकांवर एल्विन यांनी १९३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. जंगलखात्याच्या नियमांमुळे बैगांची ‘बेवर’ ही फिरती शेती बंद होत गेली, १८९० साली त्यांच्यासाठी एक लहानसा टापू राखून ठेवण्यात आला, व ज्यांचे सारे रान होते ते रानातच परके झाले, ही हकीकत त्यात सविस्तर आली आहे. झोपडीत राहिल्यावाचून ती कोणास कळली असती, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या अधिक जवळचा दाखला कै. मारुती चितमपल्ली यांचा. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थाने वनखात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली व १९९० साली निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षे नागपुरातच वास्तव्य केले. २००६ च्या सोलापूर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांचे सोलापुरात निधन झाले. नवेगावबांध येथे ते अनेक वर्षे राहिले. तेथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसांबरोबर आणि गोंड, ढीवर या लोकांबरोबर रान हिंडून त्यांनी पाखरांची व झाडांची नावे गोळा केली. वनाधिकाऱ्याने हुकूम सोडावयाचे असतात. या अधिकाऱ्याने शिष्यत्व पत्करले. म्हणूनच आज कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ व बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ असे सुंदर शब्द मराठीत आहेत. नवेगावच्या ज्या तळ्यावर हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात, ते तळेदेखील निसर्गाने आयते दिलेले नाही. कोहळी समाजातील माणसांनी डोंगरांच्या मधल्या जागी बांध घालून शेतीसाठी ते बांधले. आपण ज्यास निसर्ग म्हणून पाहण्यास जातो, त्यात कोणा पूर्वजांचा घाम मिसळलेला असतो, हे तेथील पाण्याकडे पाहून कळते.

आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागड भागातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. नागपुरात वैद्यकीय शिक्षण झालेले डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हे दांपत्य तेथे झोपडीत राहावयास गेले. वीज नाही, पावसाळ्यात नद्यांमुळे वाट बंद, आणि माडिया लोक प्रथम जवळही येण्यास भीत. अशा स्थितीत त्यांनी दवाखाना चालविला व पुढे शाळा काढली. माडियांनी पोटासाठी मारलेल्या माकडिणीचे पिलू डॉक्टरांनी मागून घेतले, तेथून अनाथ वन्य पिलांचे घर सुरू झाले, व बिबटे, अस्वले, हरणे त्या अंगणात वाढली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी शिकार करणाऱ्यास दोष दिला नाही. त्याच्या घरी अन्न नव्हते, हे त्यांनी प्रथम पाहिले. मनुष्याची भूक व पशूचा जीव, या दोहोंची दया ज्या अंगणात एकत्र नांदली, त्यास आम्ही शेजारधर्माचे अंगण म्हणू. २००८ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता या माणसांच्या झोपड्यांशेजारी आपल्या आजच्या हौशी झोपडीस उभी करून पाहावी. बाहेरून कुडाची भिंत, आत हवा थंड करणारे यंत्र. बाहेर कंदील, आत स्नानासाठी अष्टौप्रहर गरम पाणी. रात्री शेकोटी व तिच्याभोवती मोठ्या आवाजाचे संगीत. गावच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, तेव्हा या झोपडीपुढील हिरवळ ताजी असते. कुंपण घातले जाते ते नेमके जनावरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. सर्वच ठिकाणी असे घडते, असे आम्ही म्हणत नाही. गावकऱ्यांस मानाने काम देणारे व रात्रीचा अंधार राखणारे मालकही आहेत. पण झोपडी या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी केवळ छपरापुरता उरला आहे, हे खरे.

आणि वाघ पाहण्याची घाई तर विचारूच नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह चालली असता पर्यटकांच्या गाड्यांनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतः होऊन दखल घेतली. पोरे घेऊन रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या स्त्रीस पेठेत कोणी असे घेरले असते, तर आपण त्यास काय म्हटले असते? त्या गाड्यांतून बसलेली मंडळी अशिक्षित नसावी. निसर्गप्रेम हा शब्द त्यांच्याही तोंडी असेल.

दुसरीकडे, १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. पानांच्या हंगामातील थोड्या दिवसांची मजुरी हाच ज्यांच्या घरी रोख पैशाचा आधार, त्यांस पहाटे रानात शिरावेच लागते. त्यांचीही झोपडी अरण्यातच असते. तिच्याही भोवती पाखरे गातात आणि चितळे ओरडतात. परंतु चितळाची हाक ऐकून आपले काळीज आनंदाने उडते, त्यांचे भीतीने. ताडोब्याच्या गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे वाघांस मोकळे रान मिळावे म्हणून बाहेर वसविण्यात आली. तो हेतू आम्ही चुकीचा म्हणत नाही. वाघ राखणे हेही कर्तव्यच आहे. परंतु ज्यांनी वाघासाठी घर सोडले, त्यांच्या त्यागावर आपण सहलीस जातो, एवढी जाणीव तरी जाणाऱ्याच्या मनात असावी, की नसावी?

येथे कोणी म्हणेल, ‘मास्तर, मग आम्ही काय चार भिंतींतच कोंडून घ्यावे? मुलांस रान दाखवूच नये काय?’ हा आक्षेप योग्य आहे व त्याचे उत्तर दिले पाहिजे. मुलांस रान अवश्य दाखवावे. ज्याने रान पाहिले नाही, तो ते राखण्यास कधी धावून जाणार नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यास जाऊन राहिले, म्हणूनच तेथील रान शब्दांनी महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. आमचे म्हणणे इतकेच, की पाहुण्याने पाहुण्यासारखे जावे. रानाजवळच्या गावी उतरावयाचे, तर शक्य तेथे गावकऱ्याच्याच घरी उतरावे व त्यास योग्य मोबदला द्यावा. वाघ दिसला नाही म्हणून सहल फुकट गेली, असे मुलांपुढे तरी बोलू नये. ज्या दिवशी दहा झाडे ओळखता आली, तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. वाट दाखविणाऱ्या गोंड मुलास झाडाचे त्याच्या भाषेतील नाव विचारावे व ते वहीत टिपून घ्यावे. रात्री दिवा लहान ठेवावा व आवाज त्याहूनही लहान.

ज्यांस पाहुणे म्हणून समाधान नाही, ज्यांस खरोखरीच अरण्यात घर करावे असे वाटते, अशा विद्यार्थ्यांस आम्ही मुळीच परावृत्त करणार नाही. उलट त्यांस आम्ही सांगू, की प्रथम हाती काही विद्या घ्या व मग जा. वनरक्षक व्हा, आश्रमशाळेत शिक्षक व्हा, परिचारिका व्हा, पशुवैद्य व्हा. गडचिरोलीत व मेळघाटात अशा माणसांची वाण आहे, आणि झोपड्यांची मुळीच नाही. कामासाठी गेलेल्या मनुष्यास एकान्त, चांदणे व पाखरांची गाणी ही वरकड लाभली, तर ती देवाची देणगी समजावी. केवळ त्यांच्यासाठी गेलेल्यास ती फार दिवस पुरत नाहीत; पहिल्याच पावसाळ्यात छप्पर गळू लागले, की तो परत येतो.

आणि ज्यांस कोठेच जाणे शक्य नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. सेमिनरी हिल्सची झाडी, अंबाझरीचा काठ व गोरेवाड्याचे रान ही आपल्या शहरातच आहेत. इतकेच काय, पेठेला लागून नाग नदी वाहते. आपण तिला नाला म्हणतो व नाक धरून पुलावरून जातो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नागेने काठच्या वस्त्यांत शिरून माणसांस व गुरांस बुडविले आणि पंचशील चौकातील पूल खचविला. तेव्हा ती नदी आहे, याची आपणांस आठवण झाली. निसर्ग शंभर मैलांवर राहतो व आपण शहरात राहतो, ही समजूत त्या एका पहाटेने खोटी ठरविली. दूरच्या रानाचे छायाचित्र दिवाणखान्यात लावून दारच्या नदीत कचरा टाकणारा मनुष्य निसर्गप्रेमी कसा म्हणावा?

विद्यार्थिमित्रहो, देवाने आदामास बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. तेथे त्यास सारेच दिले होते, तरी कामातून मोकळीक दिली नव्हती. तुमच्यापैकी ज्यांस पुढे अरण्यात घर मिळेल, त्यांनी आपल्या दाराला आतून कडी लावण्यापूर्वी शेजारच्या दारी जाऊन विचारपूस करावी. आणि ज्यांचे घर पेठेतच राहील, त्यांनी येत्या रविवारी नागेच्या काठाने थोडे चालून यावे. शेजारधर्माचा आरंभ कोठूनही करता येतो.